परतीचे अंक

शंभर पाठवायचो, चौसष्ट परत यायचे.
सुतळी तीच, गाठही माझीच,
कधीकधी ती कुणी सोडलेलीसुद्धा नसायची.
अकरा वर्षं मी अग्रलेखाला दोष दिला.
वाचकालाही दिला, खोटं कशाला बोलू.

मग एका शुक्रवारी गठ्ठ्यासोबत मीच बसलो एसटीत,
कंडक्टर निमजेच्या मागच्या बाकावर,
मांडीवर शाई पुरती न वाळलेलं साप्ताहिक.
फाट्यावर बस थांबत नाही, नुसती मंदावते.
निमजेनं दार उघडलं, पायानंच सरकवलं
माझं आठवड्याचं काम.

पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आलो.
दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, कापून झालेल्या.
गठ्ठ्यावर एक म्हातारा बसला होता,
बिडी विझू न देता, शांत.
"कोनाचा हाय हा?"
"असंन कोनाचा तरी. दर सुक्रवारी पडते इथं.
बसाले बरा हाय."

सगुणा मडावीचा ठेला तिथून अर्धा कोस.
खर्रा, चिक्की, रिचार्ज,
आणि वर दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांत,
लटकलेली मासिकं, साप्ताहिकं.
मी नाव सांगितलं. तिनं स्टूल पुसून दिलं,
आणि मग सोडलं नाही.

"बाजार गुरवारचा, पेपर तुमचा सुक्रवारचा.
वरात गेल्यावर बाजा वाजवून काय फायदा, सर?"

पोराच्या तिसरीच्या वहीत, मागच्या पानांवर,
तिनं रेघा ओढल्या होत्या:
कोण काय विचारून गेलं.
नाटकांच्या तारखा, तेवीस.
पोलीस भरती, नऊ.
धानाचा भाव, एकोणीस, त्यातले दोघं दोनदा.
अग्रलेख...
तिनं पान उलटलं.

"आन् हे पाहा, दोरीवर तुमचं फकस्त डोस्कं दिसते.
घडीच्या खाली सारी बातमी, वर काय?
तुमचं नाव, आन् कोनाचा तरी वाढदिवस."

परतीच्या बसमध्ये मी स्वतःचा अंक
चिमट्यात धरावा तसा धरून पाहिला.
खरंच डोकं तेवढं दिसत होतं.

छापखान्यात याकूबचाचाला विचारलं,
आपण मशीन गुरुवारी रात्रीच का चालवतो?
चाचानं रोलर पुसता पुसता आठवलं, बराच वेळ.
नागपूरहून कागदाचा ट्रक गुरुवारी यायचा.
तो ट्रक बंद होऊन नऊ वर्षं झाली.
आम्ही दोघंही हसलो नाही.

आता मंगळवारी छपाई.
घड्या घालायला शेवंता आणि तिची जाऊ,
चमच्याच्या दांड्यानं कडा दाबतात,
नाटकांच्या तारखा घडीच्या वर ठेवून.
खताच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशवीत गठ्ठा.
फाट्यावर चहावाल्याचा रोशन सायकल घेऊन उभा,
अंकामागे पन्नास पैसे.
बसायला गठ्ठा नाही म्हणून म्हातारा
पहिल्या आठवड्यात रोशनवर चिडला होता म्हणे.

सगळं काही जमलं नाही.
पावसाळ्यात निमजेची बदली झाली,
नव्या कंडक्टरनं दोनदा गठ्ठा थेट डेपोत नेला.
मी सगुणाला शंभर नव्हे, चाळीस पाठवतो,
आणि शंभर म्हणताना जी छाती फुगायची
ती आता फुगत नाही, एवढं नुकसान.

या आठवड्यात चार परत आले.
त्यातल्या एकाची घडी उलटी बसलेली,
तिसऱ्या पानावर हळदीचा अंगठा,
थेट अग्रलेखाच्या मधोमध.
वर सगुणाची चिठ्ठी, टाचणीनं लावलेली:
उभ्यानं पुरा वाचला, पैसे दिले नाही.
खपला धरू का परत धरू?

वही उघडी आहे समोर.
मी अजून आकडा घातलेला नाही.